नागिलची मागधी

उज्जयिनीत नागिलला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली सत्तावीस त्याने लोकांना हसवण्यात घालवली. हे त्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी हसवत नव्हतो, मी नुसता बोलत होतो.

तो गंगेकाठचा, पाटलिपुत्राच्या खाली दोन दिवसांच्या वाटेवर कोळ्यांची वस्ती आहे तिथला. बाराव्या वर्षी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर बैल हाकत पश्चिमेला आला, उज्जयिनीत तापाने पडला, आणि तांडा त्याला टाकून पुढे गेला. एका नाटकमंडळीने त्याला पडदा ओढायला ठेवून घेतलं. वर्षभराने चोराचं काम करणारा नट ऐन वेळी आजारी पडला, तेव्हा पडदा ओढणाऱ्यालाच पुढे ढकललं. नागिलने तोंड उघडून दोन वाक्यं म्हटली आणि सगळं प्रेक्षागृह हसत सुटलं. त्याला वाटलं धोतर सुटलं की काय. त्याने वाकून पाहिलं, तर लोक आणखी हसले. धोतर जागेवर होतं. लोक त्याच्या बोलण्याला हसत होते.

नाटकात कुणी कोणती भाषा बोलायची हे पात्राच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. राजा, मंत्री आणि ब्राह्मणांनी संस्कृत. राण्यांनी आणि त्यांच्या सख्यांनी शौरसेनी. त्याच राण्या गाऊ लागल्या की महाराष्ट्री. आणि चोर, शिपाई, दारुडे, खाटीक, कोळी यांनी मागधी. खरं तर असं कुणी बोलत नाही. उज्जयिनीतला मोठ्यातला मोठा अधिकारी बायकोशी भांडताना संस्कृतात भांडत नाही, हे त्याच्या शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून चांगलं ऐकू येतं. पण रंगमंचावर नियम तो नियम. त्या नियमाने नागिलला सत्तावीस वर्षं चोर, शिपाई आणि दारुडा केलं. त्याने 'आई' म्हटलं तरी लोक हसत.

त्याची बायको लाछिका मंडळीत गात असे. ती गोदाकाठची, प्रतिष्ठानची. गाण्यासाठी तिच्याच मुलखाची भाषा लागते म्हणून मंडळीत तिला मान होता. नागिल कधी चिडून म्हणायचा, "तुझं बरं आहे. तुझ्या भाषेला लोक माना डोलावतात."

"माझी भाषा कुठली आलीय त्यात?" ती म्हणायची. "माझी आई मला ज्या भाषेत झोडपायची ती यांच्या गाण्यात एकदा येऊ दे, मग बघू कोण डोलतंय. ही तुपात तळून काढलेली आहे."

मंडळीचा सूत्रधार ईशानस्वामी माणूस वाईट नव्हता. वसंतोत्सवात चार मंडळ्या आपापलं नाटक करत, आणि तीन परीक्षक बसून त्यातल्या एकीला पताका देत. ईशानस्वामीच्या मंडळीला सहा वर्षं पताका मिळाली नव्हती. पताका नाही म्हणजे श्रीमंतांच्या घरची बोलावणी नाहीत, आणि बोलावणी नाहीत म्हणजे वर्षभर जवाच्या कण्या. त्या साली त्याने शहरातल्या एका कवीचं नवं नाटक उचललं. फाल्गुनात त्याचं वाचन झालं.

तिसऱ्या अंकात एक कोळी राजापुढे येतो. राजाच्या विहाराच्या नौकेने धक्का दिल्यामुळे त्याची मुलगी नदीत बुडालेली आहे. मंत्री त्याला विचारतो, काय भरपाई हवी? कोळी म्हणतो, "महाराज, मला काही नको. ती कुठं बुडाली तेवढी जागा दाखवा. पाणी मला कळतं. मी काढीन तिला."

एवढंच काम. चार वाक्यं.

वाचन संपल्यावर नागिलने कवीला विचारलं, "यात हसायचं कुठं?"

"कुठंच नाही," कवी म्हणाला.

"एकदासुद्धा नाही?"

"अरे, त्याची मुलगी मेली आहे."

 दुसऱ्या दिवसापासून नागिल शिप्रेच्या काठी जाऊन ती चार वाक्यं म्हणू लागला. माणूस बुडाल्यावर घरची माणसं कशी बोलतात हे त्याने लहानपणी पुष्कळ ऐकलं होतं. ती ओरडत नाहीत, रडतही नाहीत. कामाचं बोलतात. दोरी कुठे आहे, वारा कुठला आहे. आवाज इतका खाली असतो की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागतं. तालमीत त्याने तसं म्हणून दाखवलं तेव्हा विदूषकाचं काम करणाऱ्या नटाने खायला घेतलेली सुपारी तशीच हातात धरून ठेवली. लाछिका म्हणाली, "हे असंच कर. एक अक्षर बदलू नकोस."

मग उपाध्याय माठर आले.

भाषेत चूक सापडली की परीक्षक गुण कापतात, म्हणून ईशानस्वामीनेच त्यांना बोलावलं होतं. माठरांना सगळ्या प्राकृतांची सूत्रं तोंडपाठ होती. पूर्वेकडे मात्र ते आयुष्यात एकदाच गेले होते, विदिशेपर्यंत, एका लग्नाला. ते चटईवर बसले, कानामागे हात धरून त्यांनी नागिलचं पहिलं वाक्य ऐकलं आणि हात वर केला.

"थांब. मागधीत र नसतो, तिथे ल येतो. तुझ्या वाक्यात दोन आले."

"आमच्याकडे म्हणतात की, उपाध्याय. म्हातारी माणसं नाही म्हणत, पण बाजारात, घाटावर सर्रास म्हणतात."

"घाटाचं मला सांगू नकोस. मी सूत्र सांगतोय."

"पण मी तिथला आहे."

"तोच घोटाळा आहे," माठर अगदी शांतपणे म्हणाले. "तू तिथला आहेस म्हणून तुझी मागधी बिघडलेली आहे."

सगळी मंडळी हसली. माठर हसले नाहीत. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

नागिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ईशानस्वामीने त्याला बाजूला घेतलं. "उपाध्याय सांगतात तसं म्हणून टाक ना. आजवर म्हणत आलासच की नाही?"

"चोराचं काम आजवर कसंही केलं. चोर कसाही बोलला तरी लोक हसतात. ज्याची पोर बुडाली तो माणूस असं बोलत नाही, आर्य. असं कुणीच बोलत नाही. तुम्ही मला दारुडा द्या, मी त्यांच्या सूत्राने नाचून दाखवतो. हे नाही."

"मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा."

दुसरा माणूस तयारच होता. माठरांचा पुतण्या भानुमित्र, पंचविशीतला, देखणा, खणखणीत आवाजाचा. त्याने काकांकडून चार वाक्यं एका सकाळी घोटून घेतली. एकदाही र येऊ दिला नाही. नागिलला त्याच प्रवेशात कोळ्याला धरून आणणाऱ्या शिपायाचं काम मिळालं. त्याला वाक्य नव्हतं, भाला होता. वर ईशानस्वामीने सांगितलं, कोळी कसा चालतो, हात कसे जोडतो, ते भानुमित्राला शिकव.

"म्हणजे चाल माझी आणि तोंड त्याचं," नागिल घरी येऊन म्हणाला. त्याने पाण्याचं भांडं इतक्या जोरात आदळलं की त्याला पोचा आला.

"घे तो भाला," लाछिका म्हणाली. "कुणाला टोचता तरी येईल."

त्याच आठवड्यात मगधातून पिंपळीची पोती घेऊन आलेला एक तांडा नदीकाठी उतरला. नागिलने त्यातल्या पुण्णक नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानाला आणि त्याच्या दोन सोबत्यांना तालमीला आणून बसवलं. माठरांना म्हणाला, "ही मगधातली माणसं. यांना ऐकवा."

भानुमित्र उभा राहिला. खणखणीत आवाजात त्याने चारही वाक्यं म्हटली. पुण्णक लक्ष देऊन ऐकत होता. संपल्यावर तो अदबीने म्हणाला, "छान म्हटलं. कुठली भाषा ही?"

"मागधी," भानुमित्र म्हणाला.

"असं होय." पुण्णकाने सोबत्यांकडे पाहिलं. "कुठल्या बाजूला बोलतात?"

नागिलने माठरांकडे बघितलं. आता तरी. पण माठरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते ईशानस्वामीला म्हणाले, "गाडीवान आहेत. यांना मागधी येत नाही."

"मग आम्ही घरी काय बोलतो, महाराज?" पुण्णकाने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"काहीतरी भ्रष्ट. त्याला नाव नाही."

 म्हातारा उठला, कपडे झटकले आणि नागिलला म्हणाला, "चल रे, आमच्याकडे भात टाकलाय. बिननावाच्या भाषेत जेवू." सोबती हसले. नागिलला हसू आलं नाही. त्याला त्या म्हाताऱ्याचाही राग आला, इतकं सोसून घेतो म्हणून.

चैत्रातल्या एका सकाळी नाटक झालं. प्रेक्षागृह खचाखच भरलं होतं. पहिले दोन अंक रंगले, लाछिकाच्या गाण्याला दोनदा दाद मिळाली. तिसऱ्या अंकात नागिल भाला घेऊन, भानुमित्राला दंडाला धरून आत आला. मंत्र्याने संस्कृतात विचारलं. भानुमित्राने हात जोडले, नागिलने शिकवले होते अगदी तसे, आणि पहिलं वाक्य म्हटलं.

लोक हसले.

आधी मागच्या रांगा, मग सगळ्याच. भानुमित्र गोंधळला. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी खणखणीत. हशा दुप्पट झाला. कुणीतरी मागून ओरडलं, "धोतर बघ, धोतर."

नागिल भाला धरून उभा होता. त्याला आधी एक क्षण बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. मग त्याच्या लक्षात आलं की लोक भानुमित्राला हसतच नाहीयेत. या माणसाची पोर मेली आहे हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. मागधीचा सूर लागला की हसायचं, ही सवय त्यांना कुणी लावली होती? सत्तावीस वर्षं, दर उत्सवाला, बापांना आणि मग त्यांच्या मुलांना. माठर तर परवा आले. तो धोतराचा विनोदसुद्धा नागिलचाच. पहिल्या दिवशी घाबरून केलेला, आणि लोकांना आवडला म्हणून पुढे शंभरदा मुद्दाम केलेला. त्याला स्वतःचाच संताप आला.

भानुमित्राचं तोंड उघडं राहिलं होतं. दुसरं वाक्य त्याला आठवत नव्हतं. पडद्याच्या कडेने ईशानस्वामी हातवारे करत होता.

नागिल पुढे झाला. त्याने भाला भानुमित्राच्या हातात दिला आणि खांद्याला धरून त्याला शिपायाच्या जागेवर उभं केलं. स्वतःचं पागोटं काढून खाली ठेवलं. कोळ्याच्या जागेवर येऊन हात जोडले. आणि काही बोलला नाही.

लोकांना हे फारच गमतीचं वाटलं. हशा वाढला, टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. नागिल थांबला. हसून घ्या, तो मनात म्हणत होता, सगळं हसून घ्या, मला घाई नाही. तो राजाचं काम करणाऱ्या नटाकडे बघत राहिला. डोळे पुसले नाहीत, मान हलवली नाही. हसण्याला मधूनमधून खायला काही लागतं. ते मिळालं नाही, तेव्हा ते हळूहळू बसत गेलं. मागे एकजण हसत राहिला होता, त्याला शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं.

मग नागिल बोलला. त्याच्या घाटावर बोलतात तसं, सगळ्या र-सकट, इतक्या खालच्या आवाजात की पुढच्या रांगा वाकल्या. मला काही नको. ती कुठं बुडाली तेवढी जागा दाखवा. पाणी मला कळतं. मी काढीन तिला.

कुणी हसलं नाही. राजाचं काम करणाऱ्या नटाला पुढचा श्लोक म्हणायला बराच वेळ लागला.

नाटक संपल्यावर परीक्षकांनी ईशानस्वामीला बोलावलं. तिघांपैकी एकाचे डोळे अजून लाल होते. त्यानेच सांगितलं, "प्रयोग उत्तम. पताका तुम्हालाच जायची. पण कोळ्याच्या तोंडी जी भाषा आली ती नाटकात चालणाऱ्या भाषांच्या यादीत नाही. नटाची स्मृती चुकली असेल तर आम्ही तो दोष धरत नाही, तशी पद्धत आहे. पण जाणूनबुजून केलं असेल तर धरावा लागतो. उद्या दुपारपर्यंत उपाध्याय माठरांनी सांगावं, स्मृती चुकली म्हणून. मग आम्ही जाहीर करू."

ईशानस्वामी रंगपटात आला. नागिल तेलाने तोंडाचा रंग पुसत होता.

"सहा वर्षं, नागिल," ईशानस्वामी म्हणाला. "सकाळी त्यांच्या घरी जा. पाया पड. म्हण, विसरलो. एक शब्द आहे रे."

"लोक रडले की नाही?"

"रडले. मी स्वतः पाहिलं."

"मग चुकलं काय?"

"मला विचारू नकोस. मलाही कळत नाही. पण पंधरा माणसांचं पोट आहे मंडळीवर."

हे मात्र खरं होतं. विदूषकाचं काम करणाऱ्या नटाला चार मुलं होती.  घरी आल्यावर लाछिका नागिलला एवढंच म्हणाली, "जायचं तर जा. पण काय म्हणायचं ते तिथं गेल्यावर तुझं तू ठरव. वाटेत कुणाचं ऐकू नकोस."

सकाळी तो माठरांच्या घरी गेला. ओसरीवर आठदहा विद्यार्थी मांडी घालून मागधीचीच सूत्रं घोकत होते. भानुमित्रही एका बाजूला बसला होता. माठरांनी हात वर केला, आवाज थांबला.

"ये. ईशानस्वामींनी निरोप पाठवला आहे. बोल."

नागिल पायऱ्यांखालीच उभा राहिला. जोडायला उचललेले हात त्याने तसेच खाली सोडले. "उपाध्याय, समजा तुम्ही चालत आलाय. तहान लागलीय. माझ्याकडं पाणी मागा."

"काय?"

"म्हणजे असं की तुम्हाला तहान लागलीय, आणि मी पाणी घेऊन उभा आहे. माझ्याकडं मागधीत पाणी मागा. मग मी विचारीन, गार हवं की कोमट, घर कुठं, मुलं किती. तुम्ही सांगा. तुमच्या सूत्राची मागधी, माझ्या घाटाची नको. घटिका भरेपर्यंत माझ्याशी बोला. तुम्ही बोललात तर मी पाया पडतो आणि म्हणतो, विसरलो."

विद्यार्थी माठरांकडे बघू लागले. माठरांनी तोंड उघडलं. एक शब्द आला, पाण्याचा. बरोबर होता. मग ते थांबले. कपाळावर आठ्या आल्या. त्यांची बोटं मांडीवर हलत होती, जणू ते सूत्रं मोजत होते. नागिलने सावकाश, अगदी लहान मुलाला विचारावं तसं मागधीत विचारलं, "गार हवं?" माठरांना ते कळलं नाही. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. भानुमित्राने मान खाली घातली.

"ती बोलण्यासाठी नाही," माठर शेवटी म्हणाले.

"मग कशासाठी आहे?"

"नाटकासाठी आहे."

"काल नाटकच होतं," नागिल म्हणाला. "मी विसरलो नव्हतो. मला सगळं आठवत होतं. तसंच सांगा परीक्षकांना, माझा निरोप म्हणून."

तो वळला. मागे कुणी पुन्हा घोकायला सुरुवात केली नाही.

पताका त्या वर्षी दुसऱ्या मंडळीला गेली. विदूषकाचं काम करणारा नट नागिलशी बोलेनासा झाला, आणि त्याचंही चूक नव्हतं. ईशानस्वामीने नागिलला पुन्हा कधी वाक्य दिलं नाही. नाटक पुढेही होत राहिलं. कोळ्याचं काम भानुमित्रच करायचा, काकांच्या मागधीत, आणि त्या जागी हशा यायचा. पुढे कवीने लोकांना आवडतं म्हणून तिथे आणखी दोन विनोद घातले असं म्हणतात.

पण त्या सकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. नागिल माठरांच्या गल्लीतून बाहेर पडला आणि बाजाराच्या मधोमध चालत मोठमोठ्याने शिव्या देत सुटला. माठरांना, परीक्षकांना, कवीला, सत्तावीस वर्षांच्या प्रेक्षकांना आणि धोतराकडे वाकून बघणाऱ्या त्या पोराला. सगळ्या त्याच्या घाटावरच्या शिव्या होत्या, आणि एकसुद्धा कुठल्या सूत्रात बसणारी नव्हती. तांदळाच्या दुकानात बसलेले दोघे तो सूर ऐकून सवयीने हसले. नागिल थांबला, त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्यांचं हसू जाईपर्यंत तिथून हलला नाही.